ताई आणि मी: न्यूयॉर्क, मॉन्ट्रियल, टोरांटो, शिकागो – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ६१ वर्षांची, ताई ६७ ची. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आम्ही दोघी बहिणी चार शहरं फिरून आलो. ना टूर कंपनी, ना बरोबर मुलं. परतल्यापासून नात्यातल्या आणि सोसायटीतल्या बायका तेच तेच प्रश्न विचारतात. फोनवर प्रत्येकीला अर्धवट सांगून समाधान होत नाही, म्हणून सगळी उत्तरं इथे सविस्तर लिहिते आहे.

बरोबर कोणाला न्यावं?

जिच्यासमोर "मला आता चालवत नाही" असं न लाजता म्हणता येतं, तिला. गप्पा कोणाशीही रंगतात. पण रोज सात-आठ किलोमीटर चालणं, एकच खोली, एकच बाथरूम आणि तीन आठवडे एकमेकींचंच तोंड, हे वेगळं प्रकरण आहे. जाण्याआधी दोघींनी दोन-तीन दिवसांची एखादी सहल करून बघा. आम्ही हंपीला गेलो होतो. ताईला सकाळी सहाला चहा लागतो आणि मला आठपर्यंत बोलायला आवडत नाही, हे तिथे कळलं. लग्नानंतर चाळीस वर्षं वेगवेगळ्या घरांत राहिल्यावर सख्ख्या बहिणीच्याही सवयी नव्याने शिकाव्या लागतात.

किती दिवस, कोणता क्रम, कोणता महिना?

आम्ही २३ दिवस घेतले. न्यूयॉर्क आठ, मॉन्ट्रियल चार, टोरांटो पाच, शिकागो चार आणि बाकीचे जाण्या-येण्यात. पहिल्या शहराला जास्त दिवस ठेवा, कारण जेट लॅगचे दोन दिवस हिशेबात धरायचेच नसतात. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे आहे. दुपारी तीनला डोळे मिटतात आणि रात्री दोनला टक्क जाग येते.

सप्टेंबर-ऑक्टोबर आम्हाला मानवला. सकाळी स्वेटर, दुपारी नुसती ओढणी. मॉन्ट्रियलला ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मेपलची पानं लाल होतात. आम्ही थोड्या आधी पोचलो, तरी टेकडीवरची काही झाडं पेटल्यासारखी दिसत होती. जानेवारी-फेब्रुवारीत जाऊ नका. शिकागोच्या तळ्यावरून येणारा वारा आपल्या हाडांसाठी नाही.

अमेरिकेच्या व्हिसावर कॅनडात जाता येतं का?

नाही. दोन देश, दोन व्हिसे. अमेरिकेचा पर्यटक व्हिसा सहसा दहा वर्षांचा आणि अनेकदा प्रवेशाचा असतो. कॅनडाचा वेगळा काढावा लागतो आणि त्यासाठी बोटांचे ठसेही वेगळे द्यावे लागतात. कॅनडातून पुन्हा अमेरिकेत शिरायचं असेल, तर अमेरिकेच्या व्हिसावर प्रवेशांची संख्या काय लिहिली आहे ते बघून घ्या.

दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. व्हिसा दहा वर्षांचा असला, तरी एका फेरीत किती दिवस राहायचं हे प्रवेशाच्या वेळी अधिकारी ठरवतो आणि ते आय-९४ या नोंदीत असतं. मध्ये चार दिवस कॅनडात जाऊन आलं की मुदत नव्याने सुरू होते, असं गृहीत धरू नका.

विमान की रेल्वे?

न्यूयॉर्क ते मॉन्ट्रियल रेल्वे, आणि ती दिवसाच. अमेरिकेच्या ॲमट्रॅक या रेल्वे कंपनीची ॲडिरॉन्डॅक नावाची गाडी सकाळी निघते. सुमारे सहाशे किलोमीटरला दहा-अकरा तास घेते. विमान दीड तासात नेतं, तरी पुन्हा जायचं झालं तर मी गाडीच निवडेन. डावीकडची खिडकी पकडा, सुरुवातीचे दोन-अडीच तास हडसन नदी अगदी रुळांना लागून वाहते. दुपारनंतर मात्र उजवीकडे सरका, तिथे शॅम्प्लेन सरोवर येतं. आम्ही एक डावीकडे, एक उजवीकडे बसलो होतो. "अगं, ये लवकर!" अशा हाकांनी डब्यातल्या सगळ्यांना आम्ही कळलो. जेवण बरोबर न्या. आम्ही आदल्या रात्री दशम्यांसारख्या जाड टॉर्टिया आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती.

उन्हाळ्यात या गाडीचा कॅनडातला टप्पा काही वेळा बंद असतो, कारण फार तापलेल्या रुळांवर गाड्यांना वेगमर्यादा येते. तिकीट काढताना तेवढं बघा.

मॉन्ट्रियल ते टोरांटो व्हिया रेल या कॅनडाच्या रेल्वेने पाच तासांच्या आसपास लागतात. टोरांटोहून शिकागोला विमानाने गेलो. इथे एक सोय आहे. अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी टोरांटोच्या विमानतळावरच होते आणि शिकागोला आपण देशातल्या प्रवाशासारखे सरळ बाहेर पडतो. त्यासाठी टोरांटोला तीन तास आधी पोचा.

सीमेवर काय विचारतात? माझं इंग्रजी बेताचं आहे.

ताईचंही बेताचंच आहे. मॉन्ट्रियलच्या वाटेवर सीमेपाशी गाडी थांबते, कॅनडाचे अधिकारी डब्यात येतात आणि सगळ्यांनी जागेवर बसून राहायचं असतं. तास-दीड तास सहज जातो. अधिकारी बाईंनी ताईला विचारलं, कुठे चाललात, किती दिवस, बरोबर कोण? मी तोंड उघडणार तेवढ्यात ताईने हाताने मला थांबवलं आणि म्हणाली, "मॉन्ट्रियल. फोर डेज. माय सिस्टर." मग पिशवीतून हॉटेलचं बुकिंग आणि परतीचं तिकीट काढून समोर धरलं. संपलं.

बरोबरच्या बाईची उत्तरं आपण देऊ नका. अधिकाऱ्यांना ते आवडत नाही, आणि तिचाही मान राहत नाही. दोघींच्या कागदांच्या दोन वेगळ्या फाइल्स करा आणि ज्याची त्याची फाइल ज्याच्या त्याच्या पिशवीत ठेवा.

भांडणं झाली का?

झाली. हा प्रश्न बायका हळू आवाजात विचारतात, आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे.

तिसऱ्या दिवशी आम्ही मेट्रोपॉलिटन संग्रहालयात गेलो. माझं तिकीट तीस डॉलर, ताईचं ज्येष्ठांचं बावीस, म्हणजे दोघींचे बावन्न. माझ्या डोक्यात हिशेब असा की एवढे पैसे भरले आहेत, तर काही सुटता कामा नये. इजिप्तचं देऊळ झालं, चिलखतं झाली, युरोपातली चित्रं झाली. ताई मागून येत होती, काही बोलत नव्हती. एका दालनात वळून बघितलं तर ती नाही. दोन दालनं मागे लाकडी बाकावर बसली होती, बूट काढून, एक हात गुडघ्यावर. मी म्हणाले, "अगं, अजून भारताचं दालन राहिलंय." ती म्हणाली, "तू बघून ये. मला कल्याणच्या स्टेशनवर आल्यासारखं वाटतंय, नुसती माणसं आणि पळापळ." मला राग आला. मी रागाने पुढे गेले आणि भारताच्या दालनातलं मला आज काहीही आठवत नाही. संध्याकाळपर्यंत अबोला.

रात्री खोलीवर चहा करताना आम्ही बोललो. तिला माझा हिरमोड करायचा नव्हता, म्हणून ती दोन दिवस दुखणं लपवत होती. मला ती कंटाळलेली दिसत होती आणि मी ते मनाला लावून घेत होते. त्या रात्री ठरलं, दुपारी दोन ते पाच दोघींनी वेगळं राहायचं. कोणी कोणाला विचारायचं नाही, समजावायचं नाही. पाचला ठरल्या जागी भेटायचं आणि काय बघितलं ते सांगायचं.

त्यानंतर प्रवासाचा नूरच पालटला. न्यूयॉर्कला ताई ब्रायंट पार्कमध्ये जाऊन बसायची. तिथे हिरव्या घडीच्या खुर्च्या असतात, हव्या तिथे उचलून न्याव्यात, पैसे नाहीत. मॉन्ट्रियलला मी माँ-रोयाल टेकडी चढले. सेंट्रल पार्क ज्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडने कॅल्व्हर्ट व्हॉक्ससह आखलं, त्यानेच हीही बाग आखली आणि ती १८७६ मध्ये उघडली. वरून अख्खं शहर आणि पलीकडे सेंट लॉरेन्स नदी दिसते. पाचला खाली आले तर ताई झाँ-तालोँ मंडईतून कागदाची पिशवी घेऊन आलेली. "हात पुढे कर," म्हणाली. हातावर कागदासारख्या सालीत गुंडाळलेली पिवळी फळं ठेवली. रसभऱ्या! चवीला आपल्यापेक्षा थोड्या गोड. विकणाऱ्या बाईला फ्रेंच येत होतं, ताईला मराठी. दोघींनी खाणाखुणांनी अर्धा किलोचा सौदा केला होता. मी बरोबर असते तर मध्ये पडून इंग्रजीत बोलले असते, आणि तिची ती गंमत गेली असती.

चुकामूक झाली तर काय करायचं?

आमची झाली. टाइम्स स्क्वेअरला सबवेत मी आत शिरले, दार बंद झालं आणि ताई फलाटावर. काचेतून तिचा चेहरा दिसला तो अजून डोळ्यांसमोर आहे. गाडी एक्सप्रेस होती, पुढचं स्टेशन थेट ७२ वा रस्ता.

सुदैवाने नियम आधीच ठरलेला होता. मागे राहिली तिने जागचं हलायचं नाही, पुढे गेली तिने परत यायचं. उलटं करू नका. न्यूयॉर्कला एकाच फलाटावर वेगवेगळ्या मार्गांच्या गाड्या येतात. मागून आलेली गाडी पुढे कुठे वळेल ते नवख्या माणसाला कळत नाही. मी ७२ ला उतरले, डाउनटाउनच्या, म्हणजे उलट दिशेच्या गाडीच्या बाजूला गेले आणि परत आले. पंधरा मिनिटं लागली. ताई त्याच खांबाला टेकून उभी होती. स्टेशनांवर वायफाय मिळतं, पण बोगद्यात भरवसा नाही, म्हणून नियम तोंडपाठ हवा. शिवाय दोघींच्या पर्समध्ये हॉटेलचा पत्ता आणि एकमेकींचा नंबर कागदावर लिहिलेला ठेवा. फोनची बॅटरी अशाच वेळी संपते.

गुडघे दुखतात. जमेल का?

जमेल, पण लिफ्ट बघून बेत करा. न्यूयॉर्कचा सबवे १९०४ चा. बऱ्याच स्टेशनांवर लिफ्ट नाही आणि जिने उंच आहेत. ताईसाठी आम्ही बस जास्त वापरली. दार उघडल्यावर बस वाकून खाली येते आणि शहरही दिसतं. बसून बघण्यासारखं खूप आहे. स्टेटन आयलंडची फेरी फुकट आहे, जायला पंचवीस मिनिटं लागतात. जाताना उजवीकडे उभं राहिलं की स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दिसतो. शिकागोला नदीतून दीड तासाची वास्तुकलेची बोट घ्याच. ही नदी पूर्वी मिशिगन तळ्याला मिळायची. शहराची घाण पिण्याच्या पाण्यात जाऊ नये म्हणून १९०० मध्ये कालवा काढून तिचा प्रवाह उलटा फिरवला. ताईला चारही शहरांतली ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडली.

मॉन्ट्रियलला पाऊस आला तर जमिनीखालचं शहर आहे. तीस किलोमीटरहून जास्त लांबीचे जोडरस्ते मेट्रो, दुकानं आणि कचेऱ्या जोडतात.

शाकाहारी माणसाची उपासमार होते का?

नाही, पण विचारावं लागतं. टोमॅटोच्या सूपमध्ये चिकनचं पाणी असू शकतं. मॉन्ट्रियलची पुतीन, म्हणजे बटाट्याचे तळलेले काप, त्यावर चीज आणि गरम रस्सा. तो रस्सा बहुतेकदा मांसाचा असतो. काही ठिकाणी शाकाहारी करून देतात. तिथली बेगल, म्हणजे मध्ये भोक असलेला गोल पाव, मात्र खाऊनच या. मधाच्या पाण्यात उकळून लाकडाच्या भट्टीत भाजतात. पिठात अंडं असू शकतं, चालत नसेल तर विचारा.

एक पदार्थ दोघींत पुरतो. शिकागोचा डीप डिश पिझ्झा भाजायलाच पाऊण तास लागतो आणि सगळ्यात लहान मागवला तरी उरतो. आपलं जेवण हवं झालं, तर न्यूयॉर्कला जॅक्सन हाइट्स, टोरांटोला जेरार्ड स्ट्रीट, शिकागोला डेव्हॉन अव्हेन्यू. आम्ही दहाव्या दिवशी वरणभातासाठी कासावीस झालो होतो. जेरार्ड स्ट्रीटवर वरण नाही, पण साधी डाळ मिळाली आणि त्यावर ताईने पिशवीतलं मेतकूट घातलं.

घरून नेताना ताजी फळं आणि मांसाचे पदार्थ नेऊ नका. बाकी खाण्याचं जे असेल ते फॉर्मवर किंवा अधिकाऱ्याला सांगून टाका. लपवलं तर दंड होतो.

स्वच्छतागृहं?

बायकांना हे विचारायला संकोच वाटतो, पण दिवसाची आखणी यावरच ठरते. न्यूयॉर्कला रस्त्यावर सार्वजनिक शौचालयं फार कमी. सार्वजनिक ग्रंथालयं, मोठी दुकानं आणि ब्रायंट पार्क लक्षात ठेवा. पार्कातल्या स्वच्छतागृहात चक्क ताजी फुलं ठेवलेली असतात. शिकागोला कल्चरल सेंटर. प्रवेश फुकट, आणि वर टिफनी कंपनीच्या रंगीत काचेचा घुमट आहे तो बघून या.

पैशांचं काय?

पाटीवरची किंमत ही शेवटची किंमत नसते. न्यूयॉर्कला त्यावर ८.८७५ टक्के विक्रीकर, टोरांटोला १३, मॉन्ट्रियलला दोन कर मिळून जवळजवळ १५ टक्के. बसून जेवलात तर १५ ते २० टक्के टिप वेगळी. ऐच्छिक समजू नका, वाढणाऱ्यांची कमाई त्यावर चालते. कॅनडात एक सेंटचं नाणं २०१३ पासून वापरात नाही, रोख रक्कम पाच सेंटांना जुळवून घेतात.

आम्ही एक सामायिक पाकीट केलं. रोज सकाळी दोघींनी सारखे पैसे घालायचे. चहा, बस, टिप त्यातून. साड्या, भेटवस्तू, नातवंडांचे खाऊ ज्याचे त्याचे. हिशेबाची वही लागली नाही. बस-मेट्रोसाठी मात्र प्रत्येकीचं वेगळं कार्ड ठेवा. टोरांटोला एकदा कार्ड टेकवल्यावर दोन तास बदलून प्रवास करता येतो, पण ती सवलत एका कार्डावर एकीलाच. तिथे ६५ वर्षांवरच्यांना भाडंही कमी आहे.

राहायचं कुठे?

दोन स्वतंत्र पलंगांची खोली, मेट्रोपासून पाच मिनिटांवर. न्यूयॉर्कला कोणाचं घर थोड्या दिवसांसाठी भाड्याने घ्यायचं असेल तर जपून. सप्टेंबर २०२३ पासून तीस दिवसांपेक्षा कमी मुक्कामाला घरमालकाची नोंदणी लागते, तो स्वतः तिथे राहत असावा लागतो आणि पाहुणे दोनच चालतात. एका शहरात आम्हाला हॉटेल सोडताना रोजची वेगळी "सुविधा फी" भरावी लागली, ती बुकिंगच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत होती. पूर्ण रक्कम आधी वाचून घ्या.

औषधं आणि विमा?

विमा दोघींचा, जुन्या दुखण्यांसकट काय काय भरून मिळेल ते वाचून. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कंपनीचं नाव तिथे कोणी ओळखत नाही. आपलं पॅरासिटामॉल तिथे ॲसिटॅमिनोफेन म्हणून मिळतं. दोन्ही देशांत आणीबाणीचा नंबर ९११.

मराठी माणसाने मुद्दाम कुठे जावं?

शिकागोला आर्ट इन्स्टिट्यूटच्या इमारतीत स्वामी विवेकानंद ११ सप्टेंबर १८९३ ला बोलले होते. दारातले दोन कांस्य सिंह नंतर, १८९४ मध्ये आले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ ते १९१६ शिकले, तिथल्या लेहमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे. बाहेरच्यांना आत सोडतात की नाही, ते आधी विचारून जा.

पण माझं मन अडकलं आहे ते पोकिप्सीला. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनहून लोकल गाडीने दोन तास, हडसनच्या काठाकाठाने. तिथल्या रूरल सेमेटरी या दफनभूमीत डॉक्टर आनंदीबाई जोशींच्या अस्थी आहेत. १८८३ मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी त्या नवऱ्याशिवाय बोटीने अमेरिकेला आल्या. न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर बाईंनी त्यांना घरी ठेवून घेतलं. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. अस्थी कार्पेंटर बाईंकडे पाठवल्या आणि त्यांनी त्या आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवल्या.

आनंदीबाई कल्याणच्या, आणि आम्हीही. लहानपणी हे नाव आम्ही आईच्या तोंडून ऐकलं होतं. स्टेशनवरून टॅक्सी करावी लागते. दगड साधा आहे, आजूबाजूला कार्पेंटर बाईंच्या कुटुंबाचे दगड. दगडावर त्यांचं नाव, एम.डी. आणि १८६५-१८८७ ही सालं. ताईने रुमालाने अक्षरांवरची ओली पानं पुसली आणि जवळ गवतावर बसली. गुडघ्यामुळे ती खाली बसत नाही, तरी बसली. म्हणाली, "सखी म्हणून कोणी नव्हतं गं हिच्याबरोबर बोटीवर. सगळी परकी माणसं." उठताना मी हात दिला. आम्ही परतीची ठरलेली गाडी सोडली आणि पुढच्या गाडीने आलो.

वेळ उरला तर स्टेशनजवळच हडसनवर १८८९ चा जुना रेल्वेपूल आहे. २००९ पासून तो चालणाऱ्यांसाठी खुला आहे. दोन किलोमीटर लांब, आणि वर जायला लिफ्ट.

नायगारा?

टोरांटोहून एका दिवसात होतो. कॅनडाच्या बाजूने घोड्याच्या नालेसारखा धबधबा पूर्ण दिसतो. धबधब्याजवळ नेणाऱ्या बोटीवर प्लास्टिकचा रेनकोट देतात, तरी चपला भिजतात. दुसरी जोडी ठेवा.

सामान किती?

जेवढं स्वतःला जिना चढून नेता येईल तेवढं. ताईची बॅग मीच उचलत होते, म्हणून तिने दोन साड्या आणि एक जाड शाल मॉन्ट्रियलमध्ये काढून ठेवायचं म्हटलं. मी ठेवू दिलं नाही. शिकागोला तळ्याकाठी संध्याकाळी तीच शाल आम्ही दोघींनी पांघरली.